बाळंतिणीचे पथ्य : कावेरीकाठचे आणि आपल्या घरचे

तंजावूरहून उत्तरेस सुमारे तेरा किलोमीटर गेले की कावेरीच्या काठी तिरुवैयारु हे गाव लागते. ‘तिरु’ म्हणजे श्री, ‘ऐ’ म्हणजे पाच आणि ‘आरु’ म्हणजे नदी. पाच नद्यांचे पवित्र स्थान असा या नावाचा अर्थ आहे. पौष वद्य पंचमीला येथे शेकडो गायक-वादक एकत्र जमतात आणि १८४७ साली समाधिस्थ झालेल्या संत त्यागराजांच्या रचना एका सुरात गातात. संगीताच्या निमित्ताने या गावाचे नाव आपण ऐकलेले असते. तथापि आज आम्ही वाचकांना नेणार आहोत ते उत्सवाच्या मंडपात नव्हे, तर त्याच गावातील एखाद्या घराच्या माजघरात, जेथे दहा दिवसांची बाळंतीण मुलाला कुशीत घेऊन निजली आहे.

हे घर मराठी असण्याचाही संभव आहे. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावूर येथे भोसल्यांची गादी स्थापन केली आणि १८५५ पर्यंत ती टिकली. त्या काळात दक्षिणेत गेलेल्या कुटुंबांचे वंशज आजही घरात आपली वेगळ्या वळणाची मराठी बोलतात आणि अंगणाबाहेर पाऊल टाकताच तामिळ बोलू लागतात. त्यांच्या स्वयंपाकघरात दोन्ही प्रांतांच्या चवी नांदत असतात. बाळंतिणीच्या खाण्यापिण्याच्या नियमांना तामिळ घरात ‘पत्तियम्’ म्हणतात. शब्द ओळखीचा वाटला ना? आपलेच ‘पथ्य’ ते.

पथ्य हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. ‘पथ’ म्हणजे मार्ग. शरीराच्या मार्गाला जे धरून असते, त्याला मानवते, ते पथ्य. म्हणजे मुळात ‘काय खावे’ हे सांगणारा हा शब्द होता. काळाच्या ओघात तो ‘काय खाऊ नये’ एवढ्याच अर्थाने उरला. पथ्य पाळणे म्हणजे वर्ज्य करणे, अशी आपली समजूत होऊन बसली आणि या समजुतीची किंमत बाळंतिणीइतकी दुसऱ्या कोणीही मोजली नसेल.

छत्रातील तीन महिने

तंजावूरच्या मराठी राजवटीने या बाबतीत एक उदार उदाहरण घालून दिले आहे. १७९९ च्या तहाने तंजावूरचा राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. तेव्हा दुसरे सरफोजीराजे यांना रामेश्वराच्या वाटेवरील अन्नछत्रांची काळजी वाटू लागली. पूर्वजांनी चालविलेली ही छत्रे आपल्याच देखरेखीखाली राहावीत, अशी विनंती करणारे एक पत्र त्यांनी १८०१ साली कंपनीचे रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना लिहिले. छत्रांत काय काय घडते याचे वर्णन त्या पत्रात आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्व वाटसरूंना अन्न मिळे, आजाऱ्याला वैद्य आणि औषध मिळे, तान्ह्या मुलांना दूध मिळे. वाटेत एखादी गर्भवती अडली आणि छत्रातच प्रसूत झाली, तर बाळंतपणाचा खर्च छत्र करी, तिला योग्य औषधे देई आणि प्रसूतीनंतर तीन महिने तिला तेथे राहण्याची मुभा असे.

तीन महिने! सव्वादोनशे वर्षांपूर्वी, अनोळखी वाटसरू स्त्रीसाठी! बाळंतपण मूल जन्मल्याबरोबर संपत नाही, दूध पाजणाऱ्या स्त्रीला विश्रांती आणि पोटभर अन्न यांची निकड असते, हे त्या व्यवस्थेने ओळखले होते. परक्या स्त्रीला छत्रात जे मिळे, ते आपल्या घरच्या सुनेला, लेकीला मिळते काय, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

आईच्या शरीराचा जमाखर्च

पहिल्या सहा महिन्यांत स्तनपान करणारी आई दररोज साधारणतः पाऊण लिटर दूध मुलाला देते. या दुधात सुमारे ५०० कॅलरी ऊर्जा असते आणि ते तयार करण्यासाठी शरीराला आणखी काही ऊर्जा खर्चावी लागते. म्हणूनच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली सुधारून प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार अशा आईने पहिल्या सहा महिन्यांत नेहमीपेक्षा रोज ६०० कॅलरी आणि सुमारे १७ ग्रॅम प्रथिने अधिक घ्यावीत. पुढील सहा महिन्यांत ही वाढ ५२० कॅलरी आणि सुमारे १३ ग्रॅम प्रथिने इतकी असावी. कॅल्शियमची दैनंदिन गरज १२०० मिलिग्रॅमपर्यंत जाते. गर्भारपणात गर्भवतीला ‘दोन जिवांची’ म्हणून आपण आग्रहाने खाऊ घालतो; परंतु अन्नाची अधिक गरज तिला लागते ती मूल अंगावर पीत असताना, ही गोष्ट फार थोड्या घरांत ठाऊक असते.

हे आकडे पाहून गांगरून जाण्याचे कारण नाही. शंभर ग्रॅम धान्य, म्हणजे दोन भाकऱ्या किंवा तेवढ्याच तांदळाचा भात, सुमारे तीस ग्रॅम डाळ, एक लहान पेला दूध आणि चमचाभर तूप एवढे नेहमीच्या जेवणात वाढविले की ही भर जवळजवळ पुरी होते. तिच्यासाठी महागड्या डब्यांतील भुकटीची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती तिच्या ताटात दोन घास अधिक वाढण्याची.

ते घास मिळाले नाहीत तर काय होते? दूध आटून जाते, अशी आपली कल्पना असते. वस्तुतः निसर्गाची योजना निराळी आहे. कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन यांनी गरीब भारतीय मातांच्या स्तनपानाचा अभ्यास केला आणि १९५८ साली तो प्रसिद्ध केला. अपुरे अन्न मिळणाऱ्या या माताही महिनोन्महिने मुलांना दूध पाजत असल्याचे त्यांना आढळले. मूल वाढते, पण खर्च आईच्या शरीरातून वजा होतो. कॅल्शियम कमी पडले तरी दुधातील कॅल्शियम फारसे घटत नाही. ते आईच्या हाडांतून काढले जाते. म्हणून ‘दूध तर येते आहे, मग तिला काय कमी आहे?’ असे म्हणणे म्हणजे तळघरातील धान्य संपत आले असता वरच्या मजल्यावर पंगती उठविण्यासारखे आहे.

काही जीवनसत्त्वांची गोष्ट याहून वेगळी आहे. अ, ब-१ आणि ब-१२ ही जीवनसत्त्वे, तसेच आयोडीन, आईच्या आहारात कमी असतील तर दुधातही कमी उतरतात. येथे मात्र मुलाचाच घास जातो.

पांढऱ्या भाताची करुण कथा

तिरुवैयारुच्या भोवती नजर पोहोचेल तेथवर भातशेती आहे. भात हेच या भागाचे अन्न. म्हणून पुढील हकीकत येथे सांगणे अगत्याचे आहे. जुन्या मद्रास इलाख्याच्या उत्तर किनाऱ्यावर गिरणीत सडलेला पांढराशुभ्र तांदूळ खाणाऱ्या भागात बेरीबेरी हा रोग होता. कुन्नूर येथील शास्त्रज्ञ ऐक्रॉइड आणि कृष्णन यांनी १९४१ साली त्या भागातील बालमृत्यूंविषयी आपला अभ्यास प्रसिद्ध केला. अंगावर पिणारी, वरवर सुदृढ दिसणारी काही महिन्यांची मुले एकाएकी दगावत. तांदळाच्या कोंड्याबरोबर ब-१ जीवनसत्त्व निघून गेलेले असे, आईच्या शरीरात ते नसे आणि म्हणून तिच्या दुधातही नसे.

जेथे उकडा तांदूळ खाण्याची रीत होती, तेथे हा रोग क्वचितच दिसे. भात सालीसकट भिजवून, वाफवून, वाळवून मग सडला की कोंड्यातील ब-१ जीवनसत्त्वाचा बराच अंश आतल्या दाण्यात मुरतो. तामिळ देशात या तांदळाला ‘पुळुंगल अरिसी’ म्हणतात. कोकणात आणि गोव्यात पेज ज्या उकड्या तांदळाची होते, तो हाच. आपल्या आजीची ती पेज अडाणी नव्हती.

ही कथा जुनी झाली असे कोणी समजू नये. काश्मीरमधील डॉक्टरांनी गेल्या दीड दशकात अशाच अत्यवस्थ तान्ह्या मुलांची नोंद केली आहे. त्यांच्या माता बाळंतपणानंतर रूढीप्रमाणे मुख्यतः पांढऱ्या भातावर राहत, इतर पुष्कळसे अन्न वर्ज्य करीत. ब-१ जीवनसत्त्व टोचताच अनेक मुले काही तासांत सुधारली. मुलांच्या जिवावर बेतले होते ते दारिद्र्यापायी नव्हे, तर पथ्यापायी.

परंपरेचे शहाणपण

म्हणून जुने सर्वच टाकून द्यावे, असे मात्र मुळीच नाही. तंजावूरशी संबंध असलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त या महाराष्ट्रीय पंडिताने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘भोजनकुतूहल’ हा ग्रंथ रचून अन्नपदार्थांच्या गुणदोषांचा ऊहापोह केला होता. सरफोजीराजांच्या धन्वंतरी महालात अनुभवास आलेली औषधे तामिळ पद्यांत ग्रथित झाली असून ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने सरस्वती महाल ग्रंथालयाने ती छापली आहेत. आहार आणि आरोग्य यांचा विचार करणारी अशी ही परंपरा आहे. तिच्यातील उत्तम ते आपण डोळसपणे उचलले पाहिजे.

तामिळ घरात बाळंतिणीला दुधात शिजविलेला लसूण देतात, शेवग्याचा पाला डाळीत घालतात, मेथी देतात, आणि सुंठ, मिरी, जिरे, वाळविलेली सुंडक्काई व कडुनिंबाची फुले यांची ‘अंगायपोडी’ पहिल्या घासाला भातावर तुपाबरोबर वाढतात. आपल्याकडे अळिवाची खीर, डिंकाचे व मेथीचे लाडू, बाजरीची भाकरी, खसखस, बाळंतशोपा हे पदार्थ त्याच जागी येतात. या पदार्थांत किती गुण आहेत पाहा. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व बनविणारे द्रव्य विपुल असते. अळीव लोहाने समृद्ध असतो. तिळात कॅल्शियम भरपूर असते. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. लसणीचा वास दुधाला लागतो हे खरे. मुलाचे त्यावाचून काही अडत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. अळीव, मेथी वा शतावरी यांनी दूध हमखास वाढतेच असे शास्त्राने निश्चितपणे सिद्ध केलेले नाही. दूध वाढविणारा खरा उपाय म्हणजे मूल. ते जितक्या वेळा आणि जितके नीट पिते, तितके दूध पुन्हा तयार होते. पहिल्या तासात मुलाला अंगावर घ्यावे, सुरुवातीचे पिवळसर घट्ट दूध कदापि टाकू नये, सहा महिने पाणी, मध, घुटी यांपैकी काहीही देऊ नये आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही स्तनपान चालू ठेवावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. लाडू खावेत, पण दूध येण्याचा मंत्र म्हणून नव्हे, तर आईच्या अंगी लागावे म्हणून. आणि तेही दिवसाला एखादा. तूप-साखरेने भूक मरते आणि भाजी-डाळ ताटात तशीच राहते.

जे वर्ज्य, तेच आवश्यक

आता निषेधांच्या यादीकडे वळू. तिरुवैयारुच्या परिसरात केळीच्या बागा आहेत आणि भाताची कापणी झाल्यावर त्रिभुज प्रदेशातील शेतांत उडीद आणि मूग पेरतात. गावाची प्रसिद्ध मिठाई ‘अशोका’ हीदेखील मुगाच्या डाळीचीच. असे असता कित्येक घरांत बाळंतिणीला केळे थंड म्हणून, डाळ वातूळ म्हणून आणि दही बाधेल म्हणून नाकारतात. महाराष्ट्रातही ही यादी थोड्याफार फरकाने हीच आहे.

दही बंद झाले म्हणजे काय होते, ते पाहू. ब-१२ जीवनसत्त्व फक्त प्राणिजन्य अन्नात मिळते. शाकाहारी घरात त्याचे स्थान म्हणजे दूध, दही, ताक. तेच वर्ज्य केले तर आईच्या दुधातून मुलाला ते मिळायचे कोठून? या अभावाने मुलाची वाढ खुंटते, त्याचे रक्त कमी होते आणि मेंदूच्या विकासाला धक्का पोहोचतो. डाळ बंद केली की शाकाहारी स्त्रीच्या प्रथिनांचा मोठा आधार जातो. डाळीने आईच्या पोटात वायू धरला तरी तो वायू दुधात उतरत नाही. तो आतड्यातच राहतो. डाळ नीट शिजवावी, हिंग-जिऱ्याची फोडणी द्यावी, मुगापासून आरंभ करावा. एखाद्या पदार्थाने मुलाला खरोखरच त्रास होतो असे वारंवार दिसले, तर तेवढाच पदार्थ डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावा. सारे ताट रिकामे करू नये.

पाण्याचेही तसेच. बाळंतिणीने पाणी कमी प्यावे, असा दंडक काही घरांत असतो. कावेरीकाठच्या चैत्र-वैशाखात, जेव्हा अंगाची काहिली होते, तेव्हा दूध पाजणाऱ्या स्त्रीला पाणी मोजून देणे म्हणजे क्रौर्यच होय. तहान लागेल तेवढे पाणी तिने प्यावे. दर वेळी पाजायला बसताना पाण्याचा तांब्या जवळ असावा.

थोडे सावधपण

काही बाबतींत संयम मात्र हवा. तंजावूर भागात फिल्टर कॉफीवाचून सकाळ होत नाही. दिवसाकाठी एक-दोन पेल्यांनी बिघडत नाही. अधिक कॉफी झाल्यास तिचा अंश दुधातून मुलापर्यंत जातो आणि त्याची झोप मोडते. शिवाय जेवणाबरोबर घेतलेला चहा-कॉफी अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. म्हणून जेवण आणि कॉफी यांत तासाभराचे अंतर असावे.

मासे खाणाऱ्या घरांत दूध यावे म्हणून तामिळ किनाऱ्यावर ‘पाल सुरा’ आणि कोकणात मोरी देण्याची रीत आहे. हे दोन्ही मुशीच्या जातीचे मासे होत. शिकारी माशांच्या अंगी पारा साठत असल्याने तारली, मांदेली, बांगडा यांसारखे लहान मासे अधिक हितकर. अंडे उत्तमच. विड्याचे पान आणि चुना यांचा विडा जुन्या वळणाच्या घरात देतात. त्यात तंबाखू वा सुपारी मुळीच नसावी. मशेरी लावण्याची सवय तर या काळात कटाक्षाने सोडावी, कारण तंबाखूचे विष दुधात उतरते. कोणतेही औषध, मग ते काढा असो वा गोळी, स्तनपान चालू असल्याचे डॉक्टरांना सांगूनच घ्यावे.

प्रसूतीनंतर १८० दिवस लोह व फॉलिक ॲसिडची एक गोळी रोज घ्यावयाची असते आणि कॅल्शियमच्या गोळ्याही सहा महिने चालू ठेवावयाच्या असतात. सरकारी आरोग्य केंद्रांत त्या विनामूल्य मिळतात. दोन्ही गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत. एकीमुळे दुसरी वाया जाते.

एका दिवसाचे ताट

तिरुवैयारुच्या घरी ताट असे असावे: सकाळी दुधातली नाचणीची कांजी, नंतर इडली आणि सांबार, दुपारी उकड्या तांदळाचा भात, डाळ, खोबरे घातलेली शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि वाटीभर दही, तिसऱ्या प्रहरी उकडलेल्या मुगाचे सुंडल आणि एक केळे, रात्री डोसे किंवा भात, एखादी पालेभाजी आणि लसूण घातलेले दूध. महाराष्ट्रातील घरी सकाळी अळिवाची खीर. दुपारी ज्वारी-बाजरीची भाकरी, मेथी किंवा शेपूची भाजी, वरण, वर पिळलेले लिंबू आणि ताक. मधल्या वेळी एक लाडू व एखादे ऋतूतील फळ. रात्री तूप घातलेली मुगाची खिचडी आणि दूध. ऐपतीप्रमाणे अंडे वा मासे. मीठ आयोडीनयुक्तच असावे. यांत दुर्मीळ असे काय आहे?

ज्या घरी एवढेही जुळत नाही, त्यांनी अंगणवाडीची वाट धरावी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हापासून स्तनदा मातांना पूरक आहार मिळण्याची सोय आहे आणि २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्रसूतीनंतर सहा महिने तो विनामूल्य मिळणे हा त्यांचा हक्क ठरला आहे. त्या आहाराचे माप आहे ६०० कॅलरी. वर सांगितलेली भर ती हीच. ही भिक्षा नव्हे. अंगणवाडीतून आणलेले धान्य मात्र साऱ्या घराच्या पातेल्यात विरून जाता कामा नये.

शेवटचे पान

आणि अखेर एक नाजूक गोष्ट. आपल्याकडे घरातील सर्वांची जेवणे झाल्यावर सुनेचे पान मांडले जाते. चाळीस दिवस उलटून ती पुन्हा चुलीपुढे गेली की हा क्रम पूर्ववत सुरू होतो; भाजी संपलेली असते, डाळीचे पाणी उरलेले असते. तिने भूक लागल्याचे सांगितले तर ‘जास्त खाल्लेस तर बाळाला बाधेल’ असे उत्तर मिळते. सासूबाईंच्या मनात माया नसते असे नव्हे. त्यांनाही त्यांच्या वेळी हेच सांगितले गेले होते. ही साखळी तोडण्याचा अधिकार आणि सामर्थ्य त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाकडेच नाही. ‘तू आधी जेवून घे, मूल मी सांभाळते,’ हे त्यांचे एक वाक्य कोणत्याही लाडवाहून पौष्टिक ठरेल. आणि घरच्या पुरुषांनी, उठण्यापूर्वी, तिच्यासाठी काय उरले आहे याकडे एकवार पाहिले, तर पुढचे बरेचसे सांगणे अनावश्यक होईल.

सरफोजीराजांच्या छत्रात वाटसरू स्त्रीला तीन महिने आसरा होता. आपल्या घरातील आई तर वाटसरू नाही. तिचे मूल जोवर तिच्या अंगावर पिते आहे, तोवर तिचे पान सर्वांच्या आधी मांडा, आणि ते भरलेले असू द्या. पथ्य या शब्दाचा खरा अर्थ तोच आहे.